डबा न घासण्याबाबत

मंगरूळपीर,
चैत्र वद्य पंचमी, सन १९७४

मेडशीचे भूषण, ताम्रपटाचे मानकरी, आमचे होऊ घातलेले व्याही श्री. शिखरचंदजी यांच्या चरणी वधूपिता जिनदास याचे दोन्ही हात जोडून जयजिनेंद्र.

आपल्या गुडघ्याचे दुखणे आता कसे आहे? वहिनी धापूबाई यांचा खोकला गेला का? (न गेल्यास अडुळशाचा काढा द्यावा, आमच्या मंडळी पानाबाई सोबत पाने पाठवणार होत्या, पण आज घरात जे चालले आहे त्यात विसरल्या.) जावईबापूंना आशीर्वाद. इकडे सर्व मंडळी खुशाल आहेत असे लिहायची रीत आहे आणि ती मी दर पत्रात पाळतो, पण आज तसे लिहिले तर खोटे होईल. मी दुकानाच्या मागच्या कोठीत तुरीच्या पोत्यावर बसून हे लिहितो आहे. पुढे गादीवर फौजदारसाहेब तक्क्याला टेकून बसले आहेत, आणि मी आत लग्नपत्रिकेचा मजकूर जुळवतो आहे अशी त्यांची समजूत आहे. आमचा हमाल रूपला पिशवी घेऊन ओट्यावर तयार आहे. मालेगावची गाडी लागायच्या आत हे पत्र त्याच्या हाती पडले पाहिजे, म्हणजे तिथून तो मेडशीची गाडी धरील. तेव्हा अक्षर वेडेवाकडे आले तर माफ करावे.

सुरुवातीपासून सांगतो. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या गावचे शेतकरी इंद्रभान यांच्या घरी भरदुपारी चोरी झाली. सगळी माणसे शेतात, घराला नुसती कडी. चोराने तुळसाबाईंचे, म्हणजे इंद्रभानच्या मंडळींचे, चांदीचे तोडे आणि वाळे नेले. इथवर नवल काही नाही. पण चोर भुकेला होता. चुलीपाशी भाकरी आणि कांदा घातलेले पिठले झाकून ठेवलेले होते, ते तो ताट घेऊन बसून जेवला, आणि जेवताना पिठल्यातला कांदा एकेक तुकडा वेचून ताटाच्या काठाला लावून ठेवला. मग माठातले पाणी तांब्यावर स्वच्छ फडके धरून गाळले, ते प्यायला, आणि फडके पिळून दोरीवर वाळत घातले. (फडके वाळत घालून जाणारा चोर तुळसाबाईंनी जन्मात पाहिला नव्हता. तोड्यांपेक्षा त्या फडक्याचीच गोष्ट त्या जास्त सांगत असत.) आता कांदा टाळणारा आणि पाणी गाळून पिणारा माणूस म्हटला की गावाने कोणाकडे पाहावे? सगळ्यांनी आमच्या जैन गल्लीकडे पाहिले.

तरीही प्रकरण चार दिवसांत विझले असते. पण आमचे फौजदारसाहेब साताऱ्याकडचे, तरुण, आणि नुकतेच मुंबईहून कसलेसे शिक्षण घेऊन आलेले. मुंबईच्या एका कचेरीत म्हणे कॉम्प्युटर नावाचे यंत्र बसवले आहे. जुन्या-नव्या गुन्हेगारांची माहिती जाड कागदाच्या कार्डांवर भोके पाडून त्याच्यात भरून ठेवतात. कुलूप तोडले, एक भोक. कौल काढले, दुसरे भोक. खोलीत विडी ओढली, तिसरे. नव्या चोरीचे कार्ड यंत्रात घातले की ते लाखभर कार्डे पालथी घालते आणि ज्याची भोके जुळतील त्याचे नाव सांगते. साहेब हे सांगत तेव्हा त्यांचे डोळे असे चमकत की मला आपले उगीच मंदिरातल्या आरतीची आठवण होई. साहेबांनी कार्डांची पेटी आणली आणि सगळ्या गल्लीच्या सवयी लिहून घ्यायला सुरुवात केली. लोकांत भलताच गोंधळ उडाला. बायका म्हणाल्या, कार्डाला भोक पाडले की रेशन बंद. रूपलाचे म्हणणे निराळे होते. एसटीचा कंडक्टर तिकिटाला पंच मारतो, मग ते तिकीट दुसऱ्यांदा चालत नाही. तसा ज्याच्या नावाला पंच बसला त्याला गाडीत बसवून कुठेतरी पाठवून देणार, आणि परतीचे तिकीट नाही. (हे ऐकून आमच्या शेजारच्या घेवरचंदांनी दोन दिवस दुकानच उघडले नाही.)

मग रामधन शिपायाला घरोघर पाणी मागायला पाठवले. भर दुपारी दारात उभा राहायचा, पाणी मागायचा, आणि देणारी बाई माठावर फडके धरते की नाही हे पाहून ठेवायचा. भला माणूस तो. तिसऱ्या दिवशी आमच्याच ओट्यावर पोट धरून बसला आणि म्हणाला, "शेठ, चोर सापडन तवा सापडन, मीच पैले फुटतो आता." बायकांच्या हे ध्यानात आल्यावर त्यांनी गाळण्याची फडकी दोरीवरून काढली आणि आत लपवली. झाले. साहेबांनी लिहिले की सबंध गल्लीने एका दिवसात पुरावा नाहीसा केला. पुढे माझी पाळी आली. कांदा खाता का? नाही. दिवे लागल्यावर जेवता का? नाही. पाणी? गाळून, तेही दुहेरी फडक्यातून. मी प्रत्येक उत्तर अभिमानाने देत होतो आणि ते प्रत्येक उत्तराला भोक पाडत होते. शेवटी माझ्या कार्डाची चाळणी झाली. मला ठाण्यावर नेले, माझा अंगठा काळ्या शाईत बुडवला आणि इंद्रभानच्या तांब्यावर उमटलेल्या अंगठ्याशी ताडून पाहिला. तो निराळा निघाला आणि मी सुटलो. तेव्हापासून माझी पक्की समजूत झाली की बाकी जग काहीही म्हणो, माणसाला त्याचा अंगठा वाचवतो. ही समजूत ध्यानात ठेवावी, कारण तिच्याच जोरावर मी आजचा उद्योग केला आहे.

मुंबईचे उत्तर यायला हिवाळा सरला. तोवर आपल्या कृपेने तारामतीचा साखरपुडा झाला, तिथी ठरली, आणि मी चोरीची गोष्ट विसरूनही गेलो. आज सकाळी फौजदारसाहेब आले. गिऱ्हाईक होते त्याला घालवले, दुकानाची एक फळी लावून घेतली आणि हळू आवाजात म्हणाले की यंत्राने नाव दिले आहे. मी विचारले, कोणाचे? ते म्हणाले, शिखरचंद, मुक्काम मेडशी.

व्याहीसाहेब, माझ्या हातातले वजन खाली पडले. मी म्हटले, साहेब, काहीतरी चूक आहे. त्यांनी कागद वाचून दाखवला. सन बेचाळीस, सरकारी कचेरीचे कुलूप तोडले, तारा कापल्या, अकोल्याच्या तुरुंगात शिक्षा. तुरुंगात सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नाही, कांद्याची भाजी परत करतो, सदऱ्याच्या टोकाने पाणी गाळून पितो. आपण साखरपुड्याच्या पंगतीत हीच हकीकत सांगितली होती, तेव्हा आमच्या मंडळींच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि मी मनात म्हटले होते की पोरीने काय पुण्य केले म्हणून असे घर मिळाले. तीच हकीकत आज मुंबईच्या यंत्राच्या तोंडून ऐकली. मी साहेबांना सांगितले की अहो, ते देशभक्त आहेत, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी सरकारने त्यांना ताम्रपट दिला आहे, पेन्शन आहे. साहेब वाईट माणूस नाहीत, ते खरोखर ओशाळले. म्हणाले, "कुलूप तोडले याला भोक आहे, जिनदासशेठ. कशासाठी तोडले याला नाही."

एवढ्यावर थांबले असते तर मी त्यांना चहा पाजून वाटेला लावले असते. पण त्यांनी दुसरा कागद काढला. तुरुंगात घेतलेला बेचाळीस सालचा अंगठा अजून जपून ठेवलेला आहे, आणि तो व तांब्यावरचा अंगठा एकाच माणसाचे आहेत असे ठसे पाहणाऱ्या तज्ज्ञांनी सही करून कळवले आहे. म्हणजे बेचाळीस साली जो तुरुंगात होता त्यानेच इंद्रभानचे पिठले खाल्ले, याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही. मात्र आपल्या दारात शिपाई पाठवायला साहेब धजत नाहीत. ताम्रपटाच्या माणसाला ठाण्यावर बोलावले आणि यंत्र चुकलेले निघाले तर त्यांची स्वतःची बदली थेट सिरोंच्याच्या जंगलात, असे ते म्हणतात. तेव्हा आता अकोल्याच्या मोठ्या साहेबांची लेखी परवानगी मागायची. एकदा ते लेखी झाले की आठ दिवसांत वर्तमानपत्रात येणार, आणि मग लग्न आपण मोडा की मी, मोडणार हे नक्की. तारामती माजघरात रुखवताच्या तोरणाला मणी ओवते आहे. तिच्या कानावर किती गेले आहे मला ठाऊक नाही, पण सकाळपासून तिने एकच ओळ चार वेळा उसवली. मी घाबरलो आहे, व्याहीसाहेब. उगीच मोठेपणा कशाला मिरवू.

पण आपण निर्धास्त असावे. माझा अंगठा सुटला तसा आपलाही सुटेल. मेडशीची हवा चांगली, आपण सत्शील, आणि यंत्र झाले तरी ते माणसानेच केलेले. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो लग्नापर्यंत टिकावा आणि त्यानंतर वाढावा.

आपला,
जिनदास

ता. क. : मुख्य गोष्ट लिहायची राहिली, खरे तर ती वर लिहायचे धाडस झाले नाही. रूपलाबरोबर स्टीलचा नवा डबा पाठवला आहे, त्यात बुंदीचे लाडू आहेत. डबा फौजदारसाहेबांनी स्वतः रुमालाने पुसून आरशासारखा केला आहे आणि रूपलाने तो फडक्यात धरूनच नेण्याचा आहे. आपण झाकण स्वतःच्या हाताने उघडावे, वहिनींच्या हाती देऊ नये. लाडू तुपाचे आहेत, तेव्हा एक खाऊन मग उजव्या हाताने डबा बाहेरून नीट धरावा. अंगठा जरा दाबून ठेवला तर फारच उत्तम. नंतर लाडू काढून घेऊन डबा आहे तसाच रिकामा रूपलाजवळ द्यावा. घासू नये, विसळू नये, पदराने पुसूही देऊ नये. खरकटा डबा परत मागणारा व्याही आपण पाहिला नसेल, मीही पाहिला नाही. आपल्याला पत्र लिहिलेले साहेबांना ठाऊक नाही. ते म्हणाले होते की गुपचूप डबा पाठवा, रूपला घासायच्या आत उचलून आणील. पण ज्याच्या घरी मुलगी द्यायची त्याचा अंगठा त्याच्या नकळत चोरायचा हे मला बरे वाटेना. अंगठा जुळला नाही की साहेब आपल्या नावाचे कार्ड माझ्यासमोर फाडणार आहेत, तसा शब्द मी घेतला आहे.

ता. क. दुसरा : पानाबाई साहेबांचा चहा घेऊन जाताना आत डोकावल्या. मी त्यांना वरचे सगळे वाचून दाखवले. मला वाटले, नवऱ्याची अक्कल पाहून खूश होतील. त्या कपबशी खाली ठेवून आपल्याबद्दल (व्याह्याला त्या इवाईबुवा म्हणतात) म्हणाल्या, "जुळला तं इवाईबुवा चोर. आन् नाई जुळला तं मंग बेचाळीस साली जेलात कोन होता?"

व्याहीसाहेब, मी सकाळपासून विचार करतो आहे, फौजदारसाहेब मुंबईला शिकून आलेले आहेत, आणि हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नव्हता. पानाबाई म्हणाल्या की इवाईबुवा चोर नाहीत हे मी जिनेश्वरासमोर सांगते, कारण साखरपुड्याच्या दिवशी दिवे लागल्यावर ते पोटात कसेसे होते म्हणून फिरायला गेले, आणि मी मंदिरातून येताना त्यांना एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये पाहिले. बटाट्याची भजी खात होते, वर टेबलावरच्या जगमधले पाणी प्याले, गाळण्याचे नाव नाही. (हे त्यांनी आजवर मलासुद्धा सांगितले नव्हते. म्हणाल्या, "पोरीचं जमलेलं कायले नासवू?") असा माणूस इंद्रभानच्या रिकाम्या घरात बसून कांदा वेचीत बसेल का? कधीच नाही. पण असा माणूस अकोल्याच्या तुरुंगात सदऱ्याने पाणी गाळील का, हाही प्रश्न आलाच.

पानाबाईंनी आणखी एक सांगितले. साखरपुड्याला वहिनी धापूबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या की आपल्या एकत्र घरात दोन चुलत भावांना आजोबांचेच नाव ठेवले होते, म्हणून एकाला थोरला शिखर आणि एकाला धाकटा शिखर म्हणत. आपण धाकटे. थोरला तुरुंगात गेला, सुटून आला तोवर वाटण्या होऊन गेल्या होत्या, आणि मग तो कुठे गेला ते घरात कोणी बोलत नाही. पानाबाईंना तेव्हा वाटले, असेल एखादी घरची गोष्ट. आज त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. दोघांचे नाव एक, गाव एक. यंत्राच्या कार्डावर दोघांना मिळून एकच भोक. सरकारच्या कागदावरही तसेच असणार, म्हणून ताम्रपट घेऊन सरकारी अधिकारी आले तेव्हा ज्याने हात पुढे केला त्याला तो मिळाला. आणि ज्याने बेड्या असताना पाणी गाळल्याशिवाय घेतले नाही, तो म्हातारपणी लोकांच्या चुलीपाशी चोरून जेवतो आहे आणि तिथेही फडके पिळून वाळत घालतो आहे. मला आपला फार राग आला आहे. हे आत्ताच लिहून टाकतो, कारण लग्नानंतर मुलीच्या बापाला राग येण्याची सोय नसते.

रूपला ओट्यावरून हाक मारून राहिला आहे, "शेठ, गाडी लागली." साहेबही विचारत आहेत की पत्रिकेला इतका वेळ का. तेव्हा थोडक्यात लिहितो. पहिल्या ता. क.मधली विनंती रद्द समजावी. डबा वहिनींच्या हाती द्यावा आणि राख लावून आतून-बाहेरून चांगला घासून घ्यावा. मी साहेबांना सांगेन की आमच्याकडे पाहुण्याचा डबा खरकटा परत करीत नाहीत, बायकांनी हात मारला, आमच्या बायकांपुढे यंत्र काय करणार. मग ते अकोल्याला लिहितील, अकोला मुंबईला विचारील, आणि तिकडचे उत्तर येईतो आपल्या घरी बहुधा बारसे असेल. ताम्रपट आणि पेन्शन यांचे काय करायचे ते आपण आपल्या मनाशी ठरवावे. मी तो विषय लग्नात काढणार नाही. तारामतीने दाराआडून सगळे ऐकले आहे असे आत्ता कळले. ती म्हणाली, मुलगा भजी खाऊन खोटे बोलतो का, तेवढे विचारा. मी विचारणार नाही, पण तिने विचारले आहे हे जावईबापूंना कळावे.

ता. क. शेवटचा : थोरल्या शिखरचंदजींचा ठावठिकाणा आपल्याला ठाऊक आहे, असे मला वाटते. पहिली अक्षत त्यांना पाठवावी आणि लग्नाला त्यांना घेऊनच यावे, एकटे येऊ नये. तुळसाबाईंच्या तोड्या-वाळ्यांचे मी आणि इंद्रभान आपसात पाहून घेऊ. पहिली पंगत सूर्य मावळायच्या पुष्कळ आधी बसवतो. भाजीत कांदा नसेल, पाणी पानाबाई स्वतः गाळतील, आणि थोरल्यांच्या पानावर वाढायला मी उभा राहीन. फौजदारसाहेबांनाही बोलावणे भाग आहे. त्यांना दिवे लागल्यावर, दुसऱ्या पंगतीला, व्याहीसाहेब, आपल्या शेजारी बसवू.